कारभाऱ्याची पांढरी काठी

ही गोष्ट खरी आहे. पण मी तशी शपथ घेणार नाही.

शपथांचं काय होतं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. विश्वास ठेवायचा तर माझ्या तोंडाकडे बघून ठेवा, नाहीतर राहू द्या.

दिवस मला पक्का आठवतो. सोमवार होता, सेंट मार्गारेटच्या सणाचा आदला दिवस. राजांच्या राज्याचं सत्ताविसावं वर्ष. जागा म्हणजे थेम्सच्या काठावरचं सर अँब्रोज थॉर्ले यांचं घर. लंडनहून भरतीच्या पाण्यावर निघालं तर नावेने दोन तास. आणि वेळ सकाळी अकराची, म्हणजे जेवणाची.

भुतं मध्यरात्री येतात असं सगळे सांगतात.

आमचं जेवायच्या वेळेला आलं. भर उन्हात.

माझं नाव सिसली. त्या घरात मी कपडे धुवायचे. माझे वडील बार्नबी तिथले कारभारी होते. बावीस वर्षं त्यांनी ती पांढरी काठी हातात धरली. खांद्याएवढी उंच, वरच्या टोकाला चांदीचं कडं. जेवणाच्या वेळी बाबा ती जमिनीवर तीनदा आपटायचे. आम्ही बाकीचे आठ नोकर उठून उभे राहायचो. मग पुढे बाबा आणि मागे धनी, असे दोघे आत यायचे.

आणि धनी मेले की कारभाऱ्याने त्यांच्या खड्ड्याशी उभं राहून ती काठी मोडायची, तुकडे आत टाकायचे. तो मोडल्याचा आवाज झाला की चाकरी संपली. मग ज्याने त्याने आपला रस्ता धरायचा.

तोपर्यंत तुम्ही त्यांचे. जिवंत असोत की मेलेले.

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबांना तर होतंच.

सर अँब्रोज चांगले होते की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही. वकिलाचा मुलगा. डोकं असं चालायचं की राजांची पत्रं तेच लिहायचे आणि राजांचे तंटे तेच मिटवायचे. राजांची नाव आमच्या घाटाला लागली की स्वयंपाकघरात पळापळ व्हायची. तेव्हा धन्यांच्या अंगावर मखमल असायची.

आणि मखमलीच्या आत…

घोड्याच्या केसांचा सदरा. उघड्या कातडीवर. देवासाठी.

हे तिघांनाच ठाऊक होतं. धन्यांना, बाबांना आणि मला, कारण दर शनिवारी तो माझ्या टोपलीत यायचा. पाठीवर रक्ताचे ठिपके असायचे. धनी चालायला लागले की तो मखमलीखाली घासायचा. खस्… खस्… इतरांना ऐकू येत नसे. पण ज्याने तो सदरा हातांनी चोळलाय त्याला तो आवाज ओळखू येतोच.

एकदा त्यांनी एका मेणबत्त्या करणाऱ्याला जाळलं. त्याच्या घरात इंग्रजीतलं बायबल सापडलं, एवढाच गुन्हा. त्या माणसाने आधी माफीनामा लिहून दिला होता आणि तो सुटलाही होता. चार दिवसांनी स्वतःच्या पायांनी परत आला. म्हणाला, "माझा कागद मला परत द्या. मी खोटं लिहिलं."

धन्यांनी त्याला दोन तास समजावलं. स्वतःच्या ताटातलं मटण वाढलं. मग हुकमावर सही केली.

आम्हा सगळ्यांना बघायला नेलं होतं. लाकडं ओली होती. फार वेळ लागला.

त्या शनिवारी सदरा धुताना मला तीनदा पाणी बदलावं लागलं. पण खरं सांगते, मला धन्यांची दया आली नाही. त्या मेणबत्तीवाल्याची बायको माझ्या शेजारी उभी होती. तिने माझं मनगट धरलं होतं आणि ते पुढे आठवडाभर निळं होतं.

मग राजांना नवी राणी हवी झाली. पोप नाही म्हणाले. राजे म्हणाले, मग आजपासून इथल्या धर्माचा प्रमुख मीच. आणि प्रत्येकाने तशी शपथ घेऊन खाली सही करायची.

राजांच्या वतीने सर लायनेल ब्रॉक कागद घेऊन आमच्या घरी आले. गोरापान, हसरा माणूस. आम्ही नोकरांनी रांगेत उभं राहून शपथ घेतली. पुस्तकावर हात ठेवायचा, पुस्तकाला ओठ लावायचे, झालं. आमच्या ओसबर्ट आचाऱ्याने ओठ पुसले आणि म्हणाला, "कातडं जरा शिळं आहे."

धन्यांनी मात्र कागद दोनदा वाचला.

मार्जरी त्यांची एकुलती एक लेक. आई नव्हती तिला. ती त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

"बाबा, करा ना सही. शब्दच तर आहेत."

"शब्दांवरच तर माझा जन्म गेला, मार्जरी."

"मला तुमच्याशिवाय कोण आहे?"

त्यांनी सही केली.

तीन दिवस ते खोलीतून बाहेर आले नाहीत. ताट जसंच्या तसं परत यायचं. चौथ्या दिवशी सकाळी ते घाटावर गेले. बाबा काठी घेऊन मागोमाग धावले. मी तिथेच चादरी पिळत होते, त्यामुळे सगळं माझ्या कानावर आलं.

"कुठे निघालात, धनी?"

"लंडनला एक वस्तू राहिलीय. घेऊन येतो."

"मी आणतो की. काय राहिलंय?"

"माझी सही."

बाबांना वाटलं थट्टा चाललीय. मग धन्यांनी काठीच्या चांदीच्या कड्यावर बोट ठेवलं.

"बार्नबी, माझं झालं की ही मोड. माणसांना मोकळं कर. कोणाला माझ्यामागे बांधून ठेवू नकोस."

"असं काय बोलता, धनी."

"मोडशील ना?"

"मोडीन."

नावाड्याने पुढचं सांगितलं. लंडनला सर लायनेलच बसले होते. धन्यांनी कागद परत मागितला तेव्हा ते मनापासून हसले. म्हणाले, "देतो की, सर अँब्रोज. पण बदल्यात काहीतरी ठेवावं लागतं इथे." आणि स्वतःच्या गळ्यावरून एक बोट फिरवलं.

चौदा महिने धनी लंडनच्या टॉवर किल्ल्यात तुरुंगात होते. मार्जरी दर महिन्याला जायची, सही करा म्हणून रडायची आणि तशीच परत यायची. मग एका मंगळवारी त्यांची मान उडवली. अंगावरचे कपडे रिवाजाप्रमाणे जल्लादाने नेले. सदराही गेला. डोकं लंडनच्या पुलावर खांबाला लागलं.

मार्जरीला फक्त धड मिळालं. तेही अटीवर. गावच्या चर्चमध्ये पहाटे पुरायचं. घंटा वाजवायची नाही. दगडावर नाव घालायचं नाही.

घर राजांनी सर लायनेलना देऊन टाकलं.

पुरण्याच्या आदल्या संध्याकाळी सर लायनेलनी बाबांना बोलावलं. मी मेजावरचं कापड बदलत होते. गरिबांसमोर बोलताना मोठी माणसं आवाज कमी करत नाहीत.

"म्हातारबा, उद्या काठी मोडणार म्हणे."

"रिवाज आहे, साहेब."

"देशद्रोह्याला धनी म्हणायचा रिवाज? खुशाल मोडा. मग त्याच्याच मागे जा, मी अडवत नाही. मला या घराला कारभारी हवाय. काठी शाबूत असलेला."

बाबा अठ्ठावन्न वर्षांचे होते. माझं लग्न व्हायचं होतं. देशद्रोह्याच्या घरातली माणसं दारात कोण उभी करणार होतं? हे सगळं बाबांनी मला स्वयंपाकघरात सांगितलं आणि मग कोपऱ्यातल्या लांब झाडूकडे बघत राहिले.

"मार्जरीबाई तिथे असणार," ते म्हणाले. "तिला फक्त आवाज ऐकायचाय, पोरी. आवाज आपण देऊ."

झाडूचा दांडा त्यांनी कापला. तो पांढरा मी केला. खडू कुटला, डिंकात कालवला, दोन हात दिले. एका जुन्या झारीचं कथलाचं कडं काढून टोकाला बसवलं. धन्यांच्या नावाने मला काही वाटत नव्हतं. मला ती ओली लाकडं आठवत होती.

खरी काठी बाबांच्या गादीखाली राहिली.

पहाटे आम्ही नऊ जण, मार्जरी आणि पाद्री, एवढेच होतो. बाबांनी दांडा गुडघ्यावर घेऊन मोडला. कडाक् आवाज झाला. तुकडे खड्ड्यात पडले. मार्जरीने बाबांचा हात हातात घेऊन त्याला ओठ लावले.

"बाबा सुटले," ती म्हणाली. "तुम्हीही सुटलात, कारभारी."

बाबांनी हात लगेच मागे घेतला. बोटांना खडू लागला होता.

घरी आलो तर ओसबर्ट दारात झाडूचा केरसुणीकडचा भाग घेऊन उभा.

"ए सिसली, माझा झाडू कोणी मारला? डोकं राहिलंय. धड गायब."

सगळे हसले. सुतकातसुद्धा हसले. बाबा तेवढे भिंतीला टेकून खाली बसले.

आणि मग तो सोमवार.

सर लायनेलचं त्या घरातलं पहिलं जेवण. अकरा वाजले. आम्ही दिवाणखान्यात जागेवर उभे होतो. दाराशी काठी आपटली.

एक. दोन. तीन.

दार उघडलं. बाबा आत आले. काठी समोर धरलेली. चेहरा पांढरा.

ते फार भराभर चालत होते. कोणी टाचेला टाच लावून चालत असावं तसे.

त्यांच्यामागे जागा रिकामी होती. चांगली दोन पावलांची. तिच्यामागे सर लायनेल. तेही ती जागा सोडूनच चालत होते, आणि आपण असं का करतोय हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं.

शेकोटीजवळ धन्यांची दोन म्हातारी कुत्री होती. चौदा महिने ती कोणासाठी उठली नव्हती.

त्या दोघांनी माना वर केल्या…

शेपट्या फरशीवर आपटायला लागल्या. थप… थप… थप… नजर बाबांच्या मागच्या रिकाम्या जागेवर.

आणि मला ते ऐकू आलं.

खस्… खस्… खस्…

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं.

सर लायनेल खुर्चीत बसले. वाढपी हात धुवायला पाणी घेऊन गेला. त्याने झारी वाकडी केली ती सर लायनेलच्या हातांवर नाही. वीतभर डावीकडे. हवेत.

"माझे हात इथे आहेत, गाढवा."

"हो, धनी," वाढपी म्हणाला. पण तो सर लायनेलकडे बघत नव्हता.

पाणी खालच्या भांड्यात जरा उशिरा पडलं. आधी कशावर तरी पडून, मग खाली आल्यासारखं.

त्या आठवड्यात रोज हेच झालं. शनिवारी मी धुण्याची टोपली उघडली. वर सर लायनेलचे रेशमी सदरे होते. त्यांच्याखाली काहीतरी जड लागलं…

घोड्याच्या केसांचा सदरा.

जो जल्लाद घेऊन गेला होता तोच. काखेत मी घातलेले टाके होते.

पाठ कोरडी होती. ठिपकासुद्धा नव्हता.

गळा ओला होता.

मी काय करणार? धुतला. धुवायला आलेला कपडा धुवायचा, एवढंच मला येतं. दोरीवर वाळत घातला आणि चिमटा लावून वळले. मागे बघितलं तर दोरी रिकामी. पुढच्या शनिवारी तो पुन्हा टोपलीत.

ओसबर्टने सामान बांधलं. "मी शपथ घेतली ती राजांची," तो म्हणाला. "मुंडकं नसलेल्या माणसाला मी सूप करून घालणार नाही. प्यायचं कुठून त्याने?" नदीपलीकडे एका खानावळीत त्याला काम मिळालं. आम्हाला त्याचा हेवा वाटला.

तिसऱ्या दिवशी अकराला तो दिवाणखान्यात उभा होता. आपल्या जागेवर. पाय चिखलाने भरलेले, हातात खानावळीची थाळी.

"तू कधी आलास?" मी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी… मी कांदा चिरत होतो." आणि रडायला लागला. एवढा जाडजूड माणूस.

त्यानंतर आणखी दोघांनी पळून पाहिलं. एकाला त्याच्या आईने खाटेला बांधलं होतं. तो खाट ओढत आला.

सर लायनेल सप्टेंबर संपायच्या आत घर सोडून गेले. जाताना कारण सांगितलं नाही. फक्त त्यांच्या बायकोने मला विचारलं, "मुली, त्या खुर्चीची गादी रोज ओली का असते गं?" मी म्हटलं, नदीजवळचं घर आहे, बाईसाहेब.

ते जाऊ शकले. ते धन्यांचे चाकर नव्हते.

बाबांची अवस्था बघवत नव्हती. रोज अकराला ते काठी घ्यायचे. घ्यायची नाही म्हणून हात पाठीमागे बांधून बसले, तरी अकराला ती हातात असायची. आणि मानेवर, अगदी मानेवर, त्यांना ओलसर काहीतरी लागायचं. ते मागे वळून बघत नसत. "वळलो तर दिसेल," एवढंच म्हणायचे. काय दिसेल ते मी विचारलं नाही.

एक दिवस ते म्हणाले, "सिसली, खड्डा पुन्हा उघडायला लागेल. खरी काठी आत टाकली की संपलं."

पण चर्चमधली ती जागा थॉर्ले घराण्याची. दगड सरकवायचा तर मार्जरीची परवानगी हवी. ती चर्चच्या मागे दोन खोल्यांत राहत होती. आम्ही दोघं गेलो. ती खिडकीशी शिवत बसली होती.

"बाईसाहेब, एकदाच दगड सरकवू द्या," बाबा म्हणाले.

"कशाला?"

बाबांनी सांगितलं. काही लपवलं नाही. झाडू सांगितला, खडू सांगितला, कथलाचं कडं सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही. मी गप्प उभी राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

मार्जरीने सुई कापडात टोचून ठेवली.

"मी तुमच्या हाताला ओठ लावले होते, कारभारी."

"हो."

"मी रात्री झोपताना तो आवाज आठवते. तेवढा एकच आधार आहे मला. आणि तो झाडूचा होता."

बाबा गुडघ्यांवर बसले. माझ्या बापाला मी चर्चबाहेर कधी गुडघ्यांवर बघितलं नव्हतं.

"चुकलो, बाईसाहेब. मला ते परत घेऊ द्या."

"माझ्या वडिलांना सही परत हवी होती," मार्जरी म्हणाली. "त्यांनी बदल्यात काय ठेवलं ते तुम्हाला माहितीय."

"माहितीय."

"मग तुम्ही काय ठेवता?"

तिने सुई काढली आणि पुन्हा शिवायला घेतलं.

"जाताना दार लावून घ्या. वारा येतो."

मला तेव्हा तिचा गळा दाबावासा वाटला. आता वाटतं, तिच्या जागी मीही दार लावून घ्यायला सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बाबा काठी घेऊन चर्चमध्ये गेले. मी बरोबर होते. आत कोणी नव्हतं. उन्हाचा पट्टा त्या नाव नसलेल्या दगडावर पडला होता.

"दगडावरच मोडतो," बाबा म्हणाले. "तेवढं चालत असेल."

त्यांनी काठीचं एक टोक पायरीवर टेकवलं, दुसरं दगडावर. मध्ये पाय ठेवला.

"धनी," ते म्हणाले, "मोकळं करा."

आणि सगळा भार टाकला.

कडाक्.

आवाज स्वच्छ आला. वाळलेलं लाकूड मोडल्यासारखा. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले.

मग काठी घरंगळत माझ्या पायाशी आली…

अखंड होती.

बाबा दगडावर पालथे पडले होते. छाती खाली आणि तोंड वर. माझ्याकडे बघत होते.

पायरीवरून घसरले असं सगळे म्हणाले. मीही तसंच सांगितलं. मार्जरी मयताला आली. तिने बाबांची मान बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"ठेवलं त्यांनी," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने पाद्र्याला सांगून तो दगड सरकवायला लावला. काठी मी आणली. पण मोडायची कोणी? कारभारी नव्हताच. गावातल्या लोहाराला दिली, त्याने गुडघ्यावर घेतली, ऐरणीवर घेतली. साधी चीर पडली नाही. मोडल्याशिवाय आत टाकून उपयोग नव्हता, तरी आम्ही ती आत टाकली आणि दगड लावला.

सकाळी काठी माझ्या खाटेशी उभी होती.

त्या दिवशी अकराला आम्ही आठ जण दिवाणखान्यात आलो. कोणी ठरवलं नव्हतं, पाय आले. घर रिकामं. मेजावर काही नाही. कुत्रीही तोवर मेली होती. काठी माझ्या हातात होती आणि मी ती हलवली नाही. बाबा नव्हते. मला वाटलं, आता ठोके कोण देणार?

दाराबाहेर…

एक. दोन. तीन.

दार उघडलं. दारात कोणी नव्हतं.

आधी एक जड पाऊल आत आलं. डाव्या पायाने जरा ओढत. बावीस वर्षं ते पाऊल ऐकून मी मोठी झाले होते.

त्याच्यामागून… खस्… खस्…

हे सगळं होऊन तीस वर्षं झाली. राजे गेले. मग त्यांच्या मुलाने धर्म आणखी बदलला, मोठ्या मुलीने तो पुन्हा जुना केला, आता धाकटी गादीवर आहे आणि तिने तो पुन्हा नवा केलाय. मी प्रत्येक वेळी शपथ घेतली. काही वाटलं नाही. त्या घराचं छप्पर पडलंय, दिवाणखान्यात काटेरी झुडपं उगवलीत. मी रोज अकराला तिथे उभी असते.

घाम फुटून माणसं मरायची, त्या साथीत ओसबर्ट गेला. आम्ही म्हणालो, चला, एक तरी सुटला. दुसऱ्या दिवशी अकराला खस्… खस्… च्या मागून आणखी एक पाऊल आलं. जाडजूड माणसाचं. कांद्याचा वास आला.

तेव्हा कळलं.

मार्जरी गेल्या वर्षी वारली. तिचं पाऊल आलं नाही. ती लेक होती, चाकर नव्हती. तिची सुटका झाली.

आम्हा नऊ जणांपैकी आता मी एकटीच जिवंत आहे. बाकीचे आठ रोज येतात. आधी बाबा, मग धनी, मग एकामागून एक. मी डोळे मिटून मोजते. ओसबर्टच्या मागे, वाढप्याच्या पुढे, एक पाऊल चुकतं. तिथे एका माणसाची जागा सोडून सगळे चालतात.

काठी माझ्या कोपऱ्यात उभी आहे. ती खरी आहे, तिला मी कधी खडू लावला नव्हता. पण हल्ली तिला हात लावला की तळवा पांढरा होतो.

मला खोकला झालाय. वैद्य म्हणतो, हिवाळा निघणार नाही. लोकांना मरणाची भीती वाटते. मी उभा जन्म मरणाकडे सुट्टी म्हणून बघत आले, आणि ती सुट्टी मी स्वतःच्या हाताने, खडू आणि डिंक लावून घालवली.

काल ती पावलं माझ्यासमोर आली आणि थांबली. तीस वर्षांत पहिल्यांदा. बराच वेळ कोणी हललं नाही. मग बाबांचं ओढतं पाऊल पुढे सरकलं आणि बाकीचे मागून गेले.

उद्या शनिवार आहे, सदरा धुवायचा दिवस. पाणी तापत ठेवलंय.